वाळवंटातलं चाकांचं गाव

दोस्तांनो, जत्रा भरली की उघड्या माळावर बघता बघता एक गाव उभं राहतं, हे तुम्ही पाहिलं असेल. पालं पडतात, दुकानं लागतात, रात्री दिवे चमकतात. दोन-चार दिवसांनी पाहावं तर पुन्हा नुसता माळ! अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात अशी जत्रा भरणारं एक गाव आहे. त्याचं नाव क्वार्ट्झसाइट. फरक एवढाच, की इथली जत्रा दोन-चार दिवसांची नसते, ती चांगली सहा-सात महिने चालते. आणि इथली पालं कापडाची नसतात. ती असतात चाकांवरची घरं!

फिनिक्स शहरातून लॉस एंजेलिसच्या दिशेने निघालं, की सुमारे २०० किलोमीटरवर हे गाव लागतं. आजूबाजूला दगडगोट्यांचं सपाट वाळवंट, दूरवर करवतीच्या दात्यांसारखे डोंगर, मध्येच हात वर करून उभे असलेले सग्वारो नावाचे उंच निवडुंग. २०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती होती जेमतेम २,४००. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण थंडी सुरू झाली, की चित्र पालटतं. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ पडायला लागतो. मग तिथली मंडळी, विशेषतः नोकरीतून निवृत्त झालेले आजी-आजोबा, आपापली चाकांवरची घरं घेऊन दक्षिणेची वाट धरतात. आपल्या भिगवणला थंडीत रोहित पक्षी येतात ना, तसेच! अमेरिकेत या पाहुण्यांना नावही पडलंय ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिमपक्षी.

या घरांना अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, थोडक्यात आर.व्ही. म्हणतात. काही आर.व्ही. म्हणजे बसएवढी मोठी गाडीच असते, तर काही गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं काही. जानेवारीत इथे रत्नं आणि खनिजांचे बाजार भरतात, आर.व्ही.चं मोठं प्रदर्शन भरतं. त्या दिवसांत डोंगरावरून पाहिलं, तर खालचं वाळवंट पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेलेलं दिसतं. अशाच एका जानेवारीत माझ्या पुतण्याच्या कुटुंबाबरोबर, भाड्याने घेतलेल्या आर.व्ही.तून, मी इथे चार दिवस राहून आलो.

उंटवाल्याची समाधी

गावाच्या जुन्या दफनभूमीत एक गंमत आहे. दगडांचा एक छोटा पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर चक्क उंट! अमेरिकेत उंट कुठून आला?

त्याची कथा अशी. १८५६ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने वाळवंटात सामान वाहण्यासाठी भूमध्य समुद्राकडच्या देशांतून उंट आणले. उंटांबरोबर ते हाकणारी माणसंही आली. त्यांपैकी एक होता हाजी अली. अमेरिकनांच्या जिभेला ते नाव वळेना, म्हणून त्याचा झाला ‘हाय जॉली’! पुढे यादवी युद्ध पेटलं आणि उंटांचा प्रयोग मागे पडला. हाय जॉली मात्र इथेच राहिला. १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइटला त्याचं निधन झालं. १९३० च्या दशकात त्याच्या थडग्यावर हा पिरॅमिड बांधला गेला.

मला वाटतं, या गावाला उंटाचं चिन्ह अगदी शोभून दिसतं. उंट आपली शिदोरी पाठीवर घेऊन चालतो. (त्याच्या मदारीत पाणी नसतं बरं का, चरबी असते!) आर.व्ही.चंही तसंच. या वाळवंटात उतरणाऱ्याला पाणी, गॅस आणि वीज, सगळं स्वतःबरोबर आणावं लागतं.

वीज कुठून आणायची?

गावाच्या दक्षिणेला ‘ला पोसा’ नावाचा सुमारे ११ हजार एकरांचा सरकारी माळ आहे. १९८३ पासून असे काही माळ लांबच्या मुक्कामासाठी राखून ठेवले आहेत. परवाना घ्यायचा आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात खुशाल राहायचं. पिण्याच्या पाण्याची, कचरा टाकण्याची, गाडीतलं सांडपाणी रिकामं करण्याची सोय असते. पण विजेचा खांब मात्र नाही! आपापला अंधार आपणच घालवायचा.

आर.व्ही.त १२ व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्या असतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा एवढं त्यांच्यावर भागतं. पण मायक्रोवेव्ह लावायचा, एअरकंडिशनर चालवायचा किंवा संपलेली बॅटरी भरायची, तर १२० व्होल्टची वीज हवी. (आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असते, तिकडे १२०.) ती देतो जनरेटर.

आता जनरेटर दोन जातींचे. पहिला गाडीतच बसवलेला. कारखान्यात गाडी बांधतानाच त्याच्यासाठी एक कप्पा करतात. कप्प्याला आतून पत्रा असतो आणि राहण्याच्या जागेपासून तो हवाबंद केलेला असतो. थंड हवा कुठून आत घ्यायची, तापलेली कुठून बाहेर टाकायची, हे आधीच ठरलेलं. धूर बाहेर नेणारा पाइप गाडीच्या कडेच्याही बाहेर काढलेला. इंधन गाडीच्या मोठ्या टाकीतून येतं. त्यातही एक हुशारी केलेली असते. टाकीतली नळी मुद्दामच थोडी आखूड ठेवतात. त्यामुळे टाकी साधारण पाव उरली, की जनरेटर आपोआप थांबतो आणि गाडी पंपापर्यंत न्यायला इंधन शिल्लक राहतं!

दुसरी जात म्हणजे हाताने उचलून नेण्याचा छोटा जनरेटर. वजन वीस-पंचवीस किलो, वर हँडल, पोटात पेट्रोलची छोटी टाकी. जमिनीवर ठेवायचा, दोरी ओढायची, की भुर्रर्र सुरू! गाडीत बसवायच्या जनरेटरपेक्षा तो बराच स्वस्त पडतो. म्हणून माळावर जिकडेतिकडे हेच दिसतात. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. बरोबर सहाच्या ठोक्याला एक जनरेटर गुरगुरतो, मग दुसरा, मग तिसरा. आपल्याकडे पहाटे कोंबडे आरवतात, इथे जनरेटर!

शेजारच्या आजोबांचा बेत

आमच्या शेजारी कॅनडातून आलेलं एक जोडपं उतरलं होतं. आपण त्यांना आजी-आजोबाच म्हणू. आजोबा म्हणजे हरहुन्नरी माणूस. सदान् कदा हातात पाना नाही तर स्क्रू ड्रायव्हर. आजी रुग्णालयात परिचारिका होत्या, आता निवृत्त. त्यांच्या बसएवढ्या आर.व्ही.तला मूळचा जनरेटर म्हातारा होऊन बंद पडला होता. तो काढून टाकल्यामुळे मागच्या बाजूचा त्याचा कप्पा मोकळा झालेला. आणि आजोबांनी नुकताच एक उचलता जनरेटर विकत घेतला होता.

तुम्ही असता तर काय केलं असतं? आजोबांच्याही मनात तेच आलं! कप्पा रिकामा आहे, जनरेटर मावतोय, मग बसवून टाकू की आत!

त्यांची कारणंही बिनतोड वाटणारी होती. एक म्हणजे, एकवीस किलोचं धूड रोज उचलून पाठ धरते. दुसरं, बाहेर ठेवला तर चोरीची धास्ती. तिसरं, कप्प्याचं दार लावलं की आवाज कमी, शेजाऱ्यांना त्रास नाही. आणि चौथं सगळ्यांत मोठं. जानेवारीत वाळवंटात दिवसा छान ऊन असलं, तरी पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. त्यांच्या बॅटऱ्या जुन्या. रात्रभर हीटरचा पंखा चालला, की पहाटे त्या माना टाकत. “सहा वाजता आतूनच बटण दाबीन,” आजोबा म्हणाले, “ही उठेपर्यंत घर ऊबदार आणि कॉफी तयार!”

ऐकायला किती छान! पण तो कप्पा नेमका त्यांच्या पलंगाखाली होता.

आजींनी मान हलवली. “मला नाही पटत.”

“अगं, धुराच्या तोंडाला लवचीक पाइप जोडतो आणि बाहेर काढतो. गरम हवेसाठी पंखा लावतो. झालं!” आजोबांनी कागदावर नकाशाही काढला होता.

माझा पुतण्या इंजिनियर आहे. त्याने जनरेटरबरोबर आलेलं पुस्तक मागून घेतलं. त्यात साफ लिहिलं होतं, की हे यंत्र फक्त उघड्यावर चालवायचं, गाडीत किंवा बंद जागेत कधीही नाही. आजोबा हसून म्हणाले, “असं सगळेच लिहितात!”

मग पुतण्याने त्यामागची कारणं सांगितली. उचलता जनरेटर एका बाजूने गार हवा ओढतो आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा व धूर टाकतो. पेटीत कोंडला, तर आपलीच टाकलेली गरम हवा पुन्हा ओढतो. तापत जातो, आणखी तापत जातो. त्याच्या पोटात इंजिनाला लागूनच पेट्रोलची टाकी. पेट्रोलची वाफ कोंडली आणि ठिणगी पडली, तर काय होईल? पाइपचं म्हणाल, तर इंजिन सारखं थरथरत असतं. आज घट्ट बसवलेला सांधा महिन्याभराने सैल होणार नाही कशावरून? आणि पंखा मध्येच बंद पडला तर?

आजोबा काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “पण दार तर बंद असतं ना! वर येणार कुठून?”

उदबत्तीने दिलेलं उत्तर

आमच्या गाडीत एका फळीवर छोटा गणपती होता. सकाळी सूनबाई त्याच्यापुढे उदबत्ती लावायची. तो वास आजींना फार आवडायचा. त्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या त्या काड्यांतल्या दोन मला द्याल का?”

जनरेटर आणि पेट्रोलचा डबा लांब नेऊन ठेवला. पाण्याची बादली जवळ घेतली. कप्प्यातल्या पत्र्यावर वाळूने भरलेल्या वाटीत दोन उदबत्त्या खोचल्या, पेटवल्या आणि दार घट्ट लावलं. पुतण्याची अकरा वर्षांची मुलगी आत पलंगापाशी पहारा द्यायला बसली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. आजोबा विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहू लागले. एवढ्यात आतून आरोळी आली, “आला! चंदनाचा वास आला!”

आम्ही आत धावलो. उशीजवळच्या छोट्या कपाटाच्या तळाशी, जिथून एक बारीक वायर वर आली होती, तिथून धुराची निळसर रेघ डुलत डुलत वर येत होती. भोक असेल करंगळीच्या टोकाएवढं!

आजोबा हार मानणारे नव्हते. त्यांनी ते भोक लांबी भरून बुजवलं, ती सुकू दिली आणि दुपारी पुन्हा उदबत्त्या लावल्या. या वेळी पाच मिनिटं लागली. पण धूर आला, तो भिंत आणि जमीन यांच्यामधल्या फटीतून. तिथे फट आहे, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

आजी शांतपणे म्हणाल्या, “चंदनाला वास आहे म्हणून कळलं. त्या वायूला वासच नसतो. आणि मी तर तेव्हा झोपलेली असणार.”

आजोबांनी हातातला पाना खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नकाशाचा कागद घडी करून त्यांनी खिशात टाकला.

वास नसलेला चोर

आजी म्हणत होत्या तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल, डिझेल, गॅस, लाकूड, कोळसा असं काहीही पुरेशी हवा न मिळता जळलं, की तो तयार होतो. इंजिनाच्या धुरात तो असतोच. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुराचा जो वास येतो, तो त्यातल्या दुसऱ्या घटकांचा.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. एसटीच्या गाडीसारखंच समजा ना! पण कार्बन मोनॉक्साइड हा घुसखोर प्रवासी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या गाडीतली जागा अडवतो आणि लवकर उतरत नाही. गाड्या धावत असतात, पण प्राणवायूला जागा नाही! मग डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगातली शक्ती जाते. ताप नसलेला फ्लूच जणू. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच जाणवत नाही, तो झोपेतच बेशुद्ध होतो. आगीशी संबंध नसलेल्या अशा विषबाधेने एकट्या अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसं दगावतात.

या वायूची चाहूल घेऊन किंचाळणारं एक यंत्र आर.व्ही.त बसवलेलं असतं. अलीकडच्या बऱ्याच जनरेटरमध्ये, हा वायू साठला की इंजिन बंद करणारी सोयही असते. दोन्ही हवीतच. पण घरात कुत्रा पाळला म्हणून कोणी दार सताड उघडं टाकून झोपतं का? तसंच हे.

आजोबांचं खरं चुकलं ते एवढंच, की आवाज अडला म्हणजे वायूही अडला, असं त्यांनी धरलं. आवाज अडवायला जाड दार पुरतं. वायूला मात्र करंगळीएवढं भोकही पुष्कळ होतं.

मग कप्प्याचं काय झालं?

हरहुन्नरी माणूस स्वस्थ कसा बसेल? दुसऱ्या दिवशी आजोबा जत्रेतल्या बाजारातून जड वजन पेलणारे दोन सरकते रूळ घेऊन आले. टेबलाच्या खणाला असतात तसेच, पण चांगले दणकट. त्यावर पत्र्याचा ट्रे बसवला. आता कप्प्याचं दार उघडून ट्रे ओढला, की जनरेटर आपोआप बाहेर येतो. तिथून फळीच्या उतारावरून तो दोन चाकांच्या छोट्या हातगाडीवर उतरवायचा आणि ढकलत न्यायचा. पाठीला त्रास नाही!

म्हणजे कप्पा राहिला फक्त प्रवासात जनरेटर ठेवण्यापुरता. त्यालाही आजींनी नियम घालून दिले. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवायचा नाही. पेट्रोलची कळ बंद हवी. प्रवासाला निघताना टाकी शक्यतो रिकामी हवी. वाफ साठू नये म्हणून कप्प्याच्या खालची झरोक्याची जाळी उघडी ठेवायची. पलंगाखालच्या फटी तर बुजवायच्याच. आणि कप्प्यात असताना दोरीला हातही लावायचा नाही!

चालवायचा तो गाडीपासून निदान वीस फूट, म्हणजे सहा मीटर लांब. धुराचं तोंड गाडीकडे नाही, आणि आमच्या खिडकीकडेही नाही. वाळूची चिमूट सोडून वारा कुठला आहे ते आधी पाहायचं. उघड्यावर वापरायची जाड केबल तिथून गाडीपर्यंत आणायची. चोरीचं काय? आजोबांनी साखळी आणि भलंमोठं कुलूप लावून जनरेटर लोखंडी खुंटीला बांधून टाकला. एखादी गाय बांधावी तसा!

पहाटेच्या थंडीवरही उपाय सापडला. जुन्या बॅटऱ्या बदलल्या. नव्या बॅटऱ्यांवर हीटरचा पंखा रात्रभर चालू लागला. आणि छपरावर सौर पट्ट्या बसवण्याचा आजोबांचा नवा नकाशा तयार झाला. माळावर तशा पट्ट्या आता पुष्कळ गाड्यांवर दिसतात. वाळवंटात उन्हाला काय तोटा! तिथून निघालो त्या सकाळी आजींनी आमच्याकडून उदबत्तीचा एक अख्खा पुडा मागून घेतला. या खेपेस मात्र नुसत्या वासासाठी!

तुमच्या घरात पाहा

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आर.व्ही. आहे? खरं आहे. पण बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का? मग आज आई-बाबांना बरोबर घेऊन एवढं पाहा. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवला आहे का? आतच असेल, तर जळालेला वायू घराबाहेर नेणारा पाइप आहे का? हवा आत येणारा झरोका उघडा आहे, की थंडी वाजते म्हणून कोणी कागद कोंबून ठेवलाय? बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने आपल्या महाराष्ट्रातही माणसं दगावली आहेत. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दारं लावून कधीही झोपू नये. वीज गेली म्हणून जनरेटर गॅलरीत, जिन्याखाली किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत लावू नये. खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागतं, असंही नाही.

आणि अशा जागी दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखू लागलं, गरगरू लागलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी उघड्या हवेत या. मग मोठ्यांना सांगून १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागा. गिझर असो की शेगडी, तपासायला पुन्हा आत जायचं नाही. ते काम मदतीला येणाऱ्यांचं.